मँटल आणि ॲरन एकाच कार्डावर (१९५८ टॉप्स): घ्यावं का? जुनी कार्डं जमवणाऱ्यांनी सांगा

मिलवॉकीकरीण:
नमस्कार मंडळी. इथे बेसबॉलमधलं कोणाला किती कळतं माहीत नाही, पण अमेरिकेत राहणारे बरेच जण आहात म्हणून विचारते.

आम्ही मिलवॉकीजवळ राहतो, बारा वर्षं झाली. मुलगी अकरा वर्षांची आहे, सॉफ्टबॉल खेळते, आणि वर्षभरापासून तिला जुन्या बेसबॉल कार्डांचं वेड लागलंय. ते लावलं शेजारच्या आजोबांनी. ते १९५७ साली दहा वर्षांचे होते, त्या वर्षी मिलवॉकी ब्रेव्हज या टीमने न्यूयॉर्क यँकीजना वर्ल्ड सिरीजमधे, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत, ४-३ असं हरवलं, आणि ते आजही असं सांगतात की जणू काल घडलंय. ब्रेव्हजच्या हँक ॲरनचं नाव निघालं की हातातलं काम बाजूला ठेवतात आणि लेक समोर पायरीवर बसून ऐकत राहते.

तर शनिवारी इथल्या एका कार्ड शोला गेलो होतो, तिथे एका टेबलावर टॉप्स कंपनीच्या १९५८ च्या सेटमधलं ४१८ नंबरचं कार्ड दिसलं, वर्ल्ड सिरीज बॅटिंग फोज (म्हणजे बॅटिंगमधले वैरी), यँकीजचा मिकी मँटल आणि हँक ॲरन दोघं एकाच कार्डावर. लेकीने माझा हातच घट्ट धरला. विकणारा १४० डॉलर म्हणतोय. ग्रेडिंग, म्हणजे कंपनीकडून तपासून दर्जाचा नंबर घेणं, केलेलं नाहीये, नुसतं प्लास्टिकच्या स्लीव्हमधे आहे. चारही कोपरे गोल झालेत, डावीकडे खाली एक बारीक घडी पडलीय, आणि मागे पेन्सिलने कुणा पोराने स्वतःचं नाव लिहिलंय, अगदी पहिली-दुसरीतल्यासारख्या मोठ्या अक्षरात. तो माणूस म्हणाला रविवारी दुपारपर्यंत ठेवतो बाजूला.

मला हे विचारायचंय की खरं-खोटं कसं ओळखायचं, ते पेन्सिलचं नाव खोडून टाकावं का, आणि ग्रेडिंगला पाठवायची गरज आहे का. शिवाय लेकीच्या डोक्यात आता हेच बसलंय की आपण फक्त एकमेकांविरुद्ध खेळणाऱ्या हिटर्सची कार्डं जमवायची, दोघं एकाच कार्डावर असलेली. अशी अजून कोणती आहेत? बजेट फार नाही, म्हणजे वर्षाला तीनचारशे डॉलरच्या वर जाणार नाही.

एडिसन_काका:
ताई, पहिल्यांदा तुमच्या लेकीला शाबासकी. मी १९८६ ला न्यू जर्सीत आलो तेव्हापासून हे जमवतोय आणि मला हा धागा सापडायला, की एका कार्डावरचे दोन प्रतिस्पर्धी, पंधरा वर्षं लागली. तिला अकराव्या वर्षी सापडला.

या कार्डाची गोष्ट तिला नीट सांगा, कारण नुसती दोन मोठी नावं आहेत म्हणून ते मोठं नाहीये. १९५७ साली मँटल अमेरिकन लीगचा एमव्हीपी, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम खेळाडू, आणि ॲरन नॅशनल लीगचा. मँटलची बॅटिंगची सरासरी त्या सीझनला .३६५ होती, ॲरनने ४४ होम रन मारले होते आणि १३२ आरबीआय (म्हणजे त्याच्या फटक्यांवर टीमला मिळालेले रन). ब्रेव्हजचं पेनंट, म्हणजे लीगचं विजेतेपदसुद्धा ॲरननेच आणलं, सेंट लुईसविरुद्ध अकराव्या इनिंगमधे होम रन मारून, मिलवॉकीतच. मग सिरीजमधे ॲरन .३९३ ने खेळला, तीन होम रन, सात आरबीआय. मँटलला मात्र तिसऱ्या मॅचमधे, तुमच्याच गावात, दुसऱ्या बेसवर ब्रेव्हजचा शोएनडिन्स्ट अंगावर पडून उजव्या खांद्याला मार बसला आणि तरी त्याच मॅचमधे त्याने होम रन मारला. खांद्याचं दुखणं त्याला पुढे पुरलं. मग टॉप्सने पुढच्या वर्षी हे कार्ड काढलं, आणि ते पोरांच्या खिशात फिरत होतं त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधे हे दोघं परत समोरासमोर आले, परत सात मॅच झाल्या आणि या वेळी यँकीजनी १-३ अशा पिछाडीवरून येऊन सिरीज जिंकली. म्हणजे कार्डावर छापलं होतं ते वैर परत मैदानावर खेळलं गेलं. दुसरं कुठलं कार्ड असं सांगता येईल?

आणि हे बघा, १९५८ साली टेलिव्हिजन घराघरात पोचलं होतं तरी रंगीत फोटोत दोन टीमचे दोन राजे शेजारी उभे आहेत हे पोरांना या पुठ्ठ्यावर बघायला मिळायचं. पाकीट पाच सेंटचं, आत च्युइंगमची गुलाबी पट्टी. त्या पट्टीचा डाग आजही काही कार्डांच्या मागे दिसतो.

घडी असलेलं घ्या, काही हरकत नाही. घडी, गोल कोपरे ही खेळल्याची खूण आहे. कार्ड प्रामाणिक असलं की झालं. कापलेलं, घासलेलं, रंगवलेलं असेल तर मात्र फुकट दिलं तरी नको.

भिंगवाला:
काका बरोबर बोलले, मी खरं-खोटं कसं बघायचं ते सांगतो कारण माझे पैसे त्यात गेलेत.

१९६० च्या टॉप्समधे १६० नंबरचं कार्ड आहे, रायव्हल ऑल-स्टार्स, मँटल आणि केन बॉयर. मी ते ऑनलाइन एकाकडून घेतलं, फोटोत कोपरे इतके टोकदार की बघतच राहावं. घरी आल्यावर पट्टी लावली तर उंची कमी भरली. एक मिलिमीटर. कोणीतरी कडा कापून कोपरे नवे केले होते. विकणाऱ्याने पैसे परत द्यायला नकार दिला. कापलेल्या कार्डाला ग्रेडिंगवाले नंबरच देत नाहीत, नुसतं ऑथेंटिक, आल्टर्ड असं लिहून पाठवतात.

म्हणून पहिलं काम पट्टी. १९५७ पासून टॉप्सचं माप ठरलेलं आहे, अडीच इंच बाय साडेतीन इंच, मिलिमीटरमधे ६३.५ बाय ८८.९. त्याआधीची, म्हणजे १९५२ ते ५६ ची, मोठी होती, ती मापं यात मिसळू नका. कारखान्यातच थोडंफार इकडेतिकडे व्हायचं, त्यामुळे केसभर फरक चालतो, पण मिलिमीटरभर नाही. माप घेताना कडेकडेही नीट बघा. साठ-पासष्ट वर्षं जुनी कड हाताला थोडी मऊ लागते आणि चारही बाजूंना सारखी दिसते. तीन बाजू मळकट आणि चौथी एकदम स्वच्छ, सरळ, असं असेल तर परत ठेवून या.

दुसरं काम भिंग. दहापट मोठं दाखवणारं घ्या, सोनाराकडे असतं तसलं. फोटोवर रंगाचे ठिपके दिसणारच, ते खऱ्यातही असतात. बघायचं असतं अक्षरांकडे. खऱ्या कार्डावर काळं अक्षर भरीव असतं, शाईची एकसंध रेघ. खोटं कार्ड हे खऱ्याचा फोटो काढून छापलेलं असतं त्यामुळे त्यात अक्षरंसुद्धा ठिपक्यांची बनलेली दिसतात. हे एकदा बघितलं की डोळ्याला सवय होते, मग दोन सेकंदात कळतं.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात उपयोगी वाटतं: त्याच शोमधे कुठल्याही टेबलावरून १९५८ च्याच सेटमधलं कुठल्यातरी साध्या खेळाडूचं दोनचार डॉलरचं कार्ड घ्या आणि दोन्ही शेजारी धरा. पुठ्ठ्याची जाडी, मागचा रंग, वास, अगदी वाकवल्याशिवाय हातात कसं बसतं ते सगळं मिळायला पाहिजे. जमलं तर छोटा यूव्ही टॉर्च दोन्हींवर टाका. आजच्या कागदात चमक आणणारं रसायन असतं, ते निळसर पांढरं पेटतं. जुना पुठ्ठा मंद राहतो. मँटलच्या कार्डांची रीप्रिंट खुद्द टॉप्सनेच नंतर काढलीत, त्यात वाईट काही नाही, पण काही लोक त्यांना चहाच्या पाण्यात बुडवून जुनं करतात आणि खरं म्हणून विकतात.

पेन्सिलचं नाव अजिबात खोडू नका ताई. खोडरबरने पुठ्ठ्याचा वरचा थर उठतो, अक्षराचा खड्डा तसाच राहतो आणि वर घासल्याची चमक येते. तिरप्या उजेडात ते लगेच दिसतं, आणि लपवायचा प्रयत्न केलाय असाच अर्थ निघतो.

साताऱ्याची_सून:
मला बेसबॉलमधलं काही कळत नाही पण सगळं वाचून काढलं. आम्ही लहानपणी बिग फनच्या गमबरोबर मिळणारी क्रिकेटची कार्डं जमवायचो, त्यावर रन आणि विकेट लिहिलेल्या असायच्या, आणि माझ्या भावाने एका कार्डासाठी स्वतःचा भोवरा देऊन टाकला होता. त्या पेन्सिलवाल्या पोराचं नाव ठेवा हो ताई. कुणाचं तरी होतं ते.

ठाणेकर७२:
मी चौदा वर्षं शिकागोला काढून आता ठाण्यात आहे, साधारण दोनशे कार्डं बरोबर घेऊन आलो. ग्रेडिंगबद्दल माझं मत सांगायचंय म्हणून लिहितो.

तुम्ही सांगताय तशी घडी, गोल कोपरे, मागे लिहिलेलं, असं कार्ड एक ते दहाच्या मापात एक किंवा दोनच्या आसपास येणार. मागे लिहिलेलं असलं की एकतर ग्रेड खाली येतो नाहीतर शेजारी एमके अशी खूण लागते. फी, पोस्ट, विमा, आणि महिनोनमहिने वाट बघणं, हे सगळं करून हातात येतो जाड प्लास्टिकचा डबा ज्यातून कार्ड लेकीला कधी काढता येणार नाही. भिंगवाल्यांनी सांगितलेल्या तपासण्यांत ते पास झालं तर ग्रेडिंग कशाला? पातळ स्लीव्ह घाला, वर टॉपलोडर, म्हणजे कडक प्लास्टिकचं पाकीट, झालं. शेजारच्या आजोबांना हातात धरून बघू द्या.

आता अजून कोणती घ्यावीत ते. मला सगळ्यात लाडकं विचाराल तर १९५९ च्या टॉप्समधलं ३१७ नंबर, एनएल (नॅशनल लीग) हिटिंग किंग्ज, रिची ॲशबर्न आणि विली मेज. हे खरं वैर, कारण १९५८ चा नॅशनल लीगचा बॅटिंगचा किताब या दोघांत सीझनच्या शेवटच्या दिवशी ठरला. ॲशबर्न फिलाडेल्फियाकडून, मेज सॅन फ्रान्सिस्कोकडून, दोघं वेगवेगळ्या मैदानांवर, आणि दोघांनीही त्या दिवशी तीन-तीन हिट मारले. शेवटी ॲशबर्न .३५०, मेज .३४७. तीन सहस्रांश! आणि दोघांच्या खेळाची तऱ्हा किती वेगळी बघा, मेज म्हणजे ताकद, होम रन, आणि ॲशबर्न चेंडू मोकळ्या जागेत टाकून पळणारा. ॲशबर्नला मेजएवढी मागणी नाही, त्यामुळे हे कार्ड मँटलवाल्यांच्या मानाने खूपच कमी पैशात मिळतं. तुमच्या लेकीला एका दिवसात संपलेली ती शर्यत सांगायला मजा येईल.

दुसरं १९५८ मधलंच ४३६, रायव्हल फेन्स बस्टर्स, विली मेज आणि ड्यूक स्नायडर. यामागे थोडं दुःख आहे. १९५७ पर्यंत हे दोघं एकाच शहरात होते, मेज जायंट्सचा, स्नायडर ब्रुकलिन डॉजर्सचा, आणि तिसरा मँटल यँकीजचा, न्यूयॉर्कमधे सेंटर फील्डला, म्हणजे मैदानाच्या लांबच्या मधल्या भागात, तिघं तीन टीमचे, आणि गल्लीगल्लीत तिघांत भारी कोण यावर भांडणं. १९५७ संपल्यावर जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोला गेले, डॉजर्स लॉस एंजेलिसला. तुमचं ४१८ आणि हे ४३६ एकाच वर्षीची, शेजारी शेजारी लावा.

आणि दमट हवेबद्दल एक सांगून ठेवतो, भारतात आणणारे असतील त्यांच्यासाठी. इथे पावसाळ्यात माझी आठ कार्डं धनुष्यासारखी वाकली. कपाटाच्या खालच्या कप्प्यात, बाहेरच्या भिंतीला लागून ठेवली होती, चूक माझीच. आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो, पुड्या दर दोन महिन्यांनी बदलतो, आणि डबा आतल्या भिंतीकडे, जमिनीपासून वर. रबरबँड कधीही नाही. कडांना खाच पडते ती जन्माची.

एडिसन_काका:
ठाणेकरांशी या कार्डापुरता सहमत. पण उद्या तुम्ही सातआठशे डॉलरचं एखादं घेणार असाल तर ग्रेडिंग झालेलंच घ्या, कारण तिथे फसवणाऱ्यालाही मेहनत घ्यायला परवडतं.

माझ्याकडून अजून एक भर. वैरी म्हणजे वेगळ्या टीमचेच असं कुठाय? १९६१ साली मँटल आणि रॉजर मॅरिस, दोघं यँकीजचेच, बेब रूथच्या १९२७ मधल्या ६० होम रनच्या विक्रमाच्या मागे लागले होते. सप्टेंबरमधे मँटल कंबरेच्या इन्फेक्शनने बाजूला पडला आणि ५४ वर थांबला, मॅरिसने शेवटच्या दिवशी ६१ वा मारला. १९६२ च्या टॉप्समधे ५३ नंबरचं कार्ड त्या वर्षीच्या अमेरिकन लीगच्या होम रन लीडर्सचं आहे, त्यात मॅरिस, मँटल, जिम जेंटाइल आणि किलब्रू असे चार चेहरे आहेत. लीडर्सचं कार्ड असल्याने मँटलच्या एकट्याच्या कार्डापेक्षा बरंच स्वस्तात जातं.

एक खंत मात्र सांगतो. १९४१ साली टेड विल्यम्स .४०६ ने खेळला आणि त्याच वर्षी जो डिमॅजिओने सलग ५६ मॅचमधे हिट मारले. एमव्हीपी डिमॅजिओला मिळालं. त्या वर्षीच्या प्ले बॉल नावाच्या कार्डांच्या सेटमधे दोघं आहेत पण वेगवेगळ्या कार्डांवर. टॉप्सने १९५२ मधे मोठा सेट काढला तोवर डिमॅजिओ रिटायर होऊन गेला होता. मी ती दोन प्ले बॉलची कार्डं, दोन्ही फाटकी, एका फ्रेममधे समोरासमोर लावलीत. एवढी वर्षं जमवून माझ्या भिंतीवर तेवढी एकच फ्रेम आहे.

आणि ताई, ॲरनचीच कार्डं जमवाल तर लेकीला १९५७ चं २० नंबर नक्की दाखवा, फोटोत तरी. निगेटिव्ह उलटी छापल्यामुळे ॲरन त्यात डावखुरा दिसतो! मुलं ते बघितल्यावर पुढचं प्रत्येक कार्ड नीट निरखायला लागतात, माझ्या नातवाचं तसंच झालं.

मिलवॉकीकरीण:
सगळ्यांचे खूप खूप आभार, रविवारी रात्री लिहितेय, घरात सगळे झोपलेत.

सकाळी पट्टी, नवऱ्याचं स्टॅम्प बघायचं भिंग आणि टॉर्च घेऊन गेलो. यूव्हीचा मिळाला नाही, साधाच. आधी दुसऱ्या टेबलावरून १९५८ चं एक तीन डॉलरचं कार्ड घेतलं, भिंगवाल्यांनी सांगितलं तसं. विकणाऱ्याला विचारलं स्लीव्हमधून काढून बघू का, तो लगेच हो म्हणाला, स्वतःचा मऊ कपडा टेबलावर अंथरून दिला. माप बरोबर. कडा चारही बाजूंनी सारख्याच मळलेल्या. मग लेकीने भिंग लावलं आणि ती अक्षरं बघून म्हणाली, आई, ठिपके नाहीयेत, काळं सगळं सलग आहे. मी पण बघितलं. दोन्ही कार्डांचा पुठ्ठा मागून तंतोतंत सारखा. टॉर्च तिरपा धरला तर घडी आम्हाला वाटली होती त्यापेक्षा थोडी लांब निघाली, अंगठ्याच्या नखाएवढी, ते त्याला दाखवल्यावर त्याने आपणहून १२५ ला दिलं. मी घासाघीस केली नव्हती.

संध्याकाळी आजोबांकडे घेऊन गेलो. ते अंगणात पानं गोळा करत होते. त्यांनी हातमोजे काढले, हात पँटला पुसले, परत आत जाऊन साबणाने धुऊन आले आणि मग दोन्ही तळवे जोडून त्यावर कार्ड ठेवायला सांगितलं, बोटांनी धरलंच नाही. बराच वेळ नुसते बघत होते. मग म्हणाले, सातव्या मॅचच्या दिवशी शाळा होती, बाईंनी वर्गात रेडिओ लावला होता, शेवटी बेसेस भरलेले आणि चेंडू आमच्या मॅथ्यूजकडे गेला, त्याने तिसऱ्या बेसवर पाय ठेवला आणि मॅच संपली, तेव्हा बाईसुद्धा रडल्या. ५-० ने जिंकलो, आमचा पिचर लू बर्डेटने जिंकलेली तिसरी मॅच ती, एवढं सांगताना त्यांचा आवाज बसला.

मग उलटं करून त्यांनी पेन्सिलचं नाव वाचलं, मोठ्याने. म्हणाले आम्ही सगळेच लिहायचो, शाळेत चोरी व्हायची ना. लेकीने विचारलं तुमची कार्डं कुठायत? ते म्हणाले मी सैन्यात गेलो तेव्हा आईने घर आवरलं.

ग्रेडिंग करणार नाही. टॉपलोडरमधे घालून तिच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे, उन्हापासून लांब. ठाणेकर दादा, तुमचं ॲशबर्न आणि मेजचं आता पुढचं, लेकीने वहीत लिहून घेतलंय आणि शेजारी .३५० आणि .३४७ असं लिहून वजाबाकी पण केलीय. काका, एक शंका राहिली, ४३६ मधे मेज असल्याने ते ४१८ एवढंच महाग असतं का हो? पुढच्या महिन्यात मॅडिसनला शो आहे, तिथे बघायचं म्हणते.

एडिसन_काका:
नाही, मँटल आणि ॲरनवाल्यापेक्षा ४३६ स्वस्तच असतं. घडी असलेलं पण मधोमध छापलेलं शोधा, १९५८ च्या कार्डांत एका बाजूची पांढरी कड जाड आणि दुसरीकडे नुसती रेघ हे फार दिसतं आणि ते डोळ्याला घडीपेक्षा जास्त खुपतं. मिळालं की इथे टाका. आणि तुमच्या आजोबांना सांगा की न्यू जर्सीतला एक यँकीजवाला त्यांच्या बाईंना नमस्कार करतोय.